रक्त घटल्याची वर्दी

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. अपघातात, लढाईत किंवा बाळंतपणात त्यातले दीड-दोन लिटर थोड्या वेळात वाहून गेले, की रोगी पांढराफटक पडतो, त्याच्या अंगाला गार, चिकट घाम सुटतो, नाडी भरभर चालते आणि श्वासाची गती वाढते. ही लक्षणे वैद्यांना प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. पण त्यांतले शेवटचे लक्षण विचारात पाडणारे आहे. रोग्याची फुप्फुसे शाबूत असतात, भोवतीची हवाही तीच असते. मग श्वास का वाढावा? अंगात उरलेल्या रक्ताचा थेंब तपासला, तर पहिल्या तासात त्यातले हिमोग्लोबिनचे प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच भरते, आणि त्यातली प्रत्येक तांबडी पेशी प्राणवायूने पुरेपूर लादलेली आढळते. चरवीतले अर्धे दूध सांडले म्हणून उरलेले दूध काही पातळ होत नाही. तसाच हा प्रकार. रक्ताची प्रत बदललेली नाही, तरी शरीराला संकटाची वर्दी पोचलेली असते. ही वर्दी कोण देते, या प्रश्नाचा शोध दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्याचे उत्तर एक नव्हे, दोन निघाली.

शोधाचा आरंभ एका धर्मोपदेशकाने केला. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोडीवरील एक प्रयोग वर्णिला आहे. तिच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवून तिला त्यांनी उंच काचेची नळी जोडली, तेव्हा रक्ताचा स्तंभ हृदयाच्या पातळीपासून आठ फुटांहून अधिक उंच चढला. मग त्यांनी मापामापाने रक्त काढले आणि प्रत्येक मापानंतर स्तंभाची उंची पाहिली. रक्त जितके कमी झाले त्या हिशेबाने स्तंभ खाली आला नाही. मध्येच तो सावरे, पुन्हा खचे. शरीर आपली तूट भरून काढण्यासाठी धडपडत असते, हे आकड्यांच्या रूपाने प्रथम दिसले ते येथे. ही धडपड सुरू करा असे शरीराला सांगणारा मात्र अज्ञातच राहिला.

तो सांगणारा शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेस लवकरच पडला. त्याची ओळख तेवढी पटली नाही. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणारी एकेक मोठी रोहिणी जाते. जुन्या वैद्यकातील शब्द घेऊन तिला मन्या म्हणता येईल. जबड्याच्या कोनाखाली ती दुभंगते. त्या फाट्यात तांदळाच्या दाण्याएवढी, काही मिलिग्रॅम वजनाची एक गाठ असते. गटिंगेन येथे हालर या विख्यात पंडिताच्या हाताखाली शिकणाऱ्या ताउबे याने १७४३ साली तिची नोंद केली. त्याने तिला मज्जातंतूंची बारीक गाठ मानले. १८६२ साली जर्मन शास्त्रज्ञ लुश्का याने ती ग्रंथी ठरवली. पुढे प्रागच्या कोन याने तिचे नाते मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याशी जोडले. दीडशेहून अधिक वर्षे या दाण्याचे नाव बदलत राहिले. काम कोणालाच सांगता आले नाही. वैद्यकात आज त्याला कॅरोटिड बॉडी म्हणतात. मराठीत मन्यापिंड हे नाव सुटसुटीत होईल.

मन्यापिंडाचे काम उघड झाले ते १९२० ते १९३० या दशकात. जर्मनीतील हेरिंग यांनी प्रथम एवढे दाखवले, की मन्येच्या फाट्यापाशी रक्ताचा दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. दाब वाढला की ते खडखडून संदेश पाठवतात आणि हृदयाची गती मंदावते. त्याच सुमारास माद्रिदमध्ये थोर मज्जाशास्त्रज्ञ काहाल यांचे शिष्य फर्नांडो द कास्त्रो सूक्ष्मदर्शकाखाली तोच भाग पाहत होते. १९२६ आणि १९२८ साली त्यांनी आपले दोन प्रबंध प्रसिद्ध केले. मन्यापिंडाला जाणारा मज्जातंतू कवटीच्या आत, मेंदूजवळ तोडला, तरी पिंडातील त्याची टोके जिवंत राहतात, असे त्यांना आढळले. मेंदूकडून हुकूम घेऊन येणारा तंतू अशा छेदानंतर मरून गेला असता. तेव्हा हा तंतू हुकूम आणणारा नव्हे, बातमी नेणारा. आणि ज्या पेशींना तो बिलगलेला आहे, त्या दाब मोजत नसून रक्ताची जणू चव घेत असाव्यात, असा तर्क द कास्त्रो यांनी मांडला.

या तर्काला प्रयोगाचा आधार दिला बेल्जममधील घेंट येथील हेमान्स पितापुत्रांनी. एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्याच्या मन्येच्या फाट्यातून खेळवायचे, पण त्या दुसऱ्या कुत्र्याच्या बाकीच्या शरीराशी फाट्याचा संबंध केवळ मज्जातंतूंपुरता ठेवायचा, अशी त्यांची अवघड रीत होती. फाट्यातून प्राणवायू कमी असलेले रक्त जाऊ लागले, की त्या कुत्र्याचा श्वास वाढे. मज्जातंतू तोडला की वाढ थांबे. श्वासाला हाक घालणारे एक ठाणे मेंदूच्या बाहेर, मानेत आहे, हे यावरून सिद्ध झाले. १९३८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉर्नेल हेमान्स यांना मिळाले. स्पेन त्या वेळी यादवी युद्धात होरपळत होता. द कास्त्रो यांचे नाव त्या सन्मानात आले नाही.

येथे रक्तस्रावाचे कोडे सुटले असे वाटावे, पण उलट ते अधिकच कठीण झाले. १९३८ सालीच अमेरिकेतील कोमरो आणि श्मिट यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रक्तात प्राणवायू एकूण किती आहे, याची मन्यापिंडाला फारशी पर्वा नसते. तो रक्तद्रवात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब तेवढा पाहतो, असा त्याचा आशय होता. याचा पडताळा रोजच्या व्यवहारातही येतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे धाप न लागताच बेशुद्ध होतात. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो, त्यामुळे रक्तातला प्राणवायूचा साठा घटतो. पण विरघळलेल्या प्राणवायूचा दाब तसाच राहतो, म्हणून मानेतला पहारेकरी स्वस्थ असतो. पंडुरोगातही तेच होते. मग रक्तस्राव झालेल्या माणसात, जेथे साठ्याचे प्रमाणही बदलले नाही आणि दाबही बदलला नाही, तेथे हा पहारेकरी जागा तरी कशाने व्हावा?

याच काळात रणांगणावरील वैद्यकाने या प्रश्नाचे एक टोक हाती दिले होते. पहिल्या महायुद्धात वॉल्टर कॅनन यांनी फ्रान्सच्या आघाडीवर जखमींच्या आघाताचा अभ्यास केला, तेव्हा चिरडलेल्या मांसातून काही विष रक्तात भिनत असावे, असा त्यांचा कयास होता. १९३० साली आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की जखमी भागात रक्त आणि रक्तद्रव साचून अभिसरणातून जे वजा होते, तेवढ्यानेच आघाताचा उलगडा होतो. म्हणजे दोष रक्ताच्या प्रतीत नव्हता. वाहणारे रक्त अपुरे पडणे हेच मूळ दुखणे होते. प्रत आणि प्रवाह या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सूत्र त्यातून पुढे आले.

तेच सूत्र मन्यापिंडालाही लागू पडले. १९५१ साली स्वीडनचे लांडग्रेन आणि इंग्लंडचे नील यांनी मांजरांच्या मन्यापिंडातून निघणाऱ्या मज्जातंतूतील विद्युत्-स्पंद प्रत्यक्ष टिपले. मांजराचे रक्त काढताच ते स्पंद वाढले. रक्तस्रावाने पिंडातून जाणारा प्रवाह रोडावतो आणि त्यामुळे पिंडाच्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, असा त्याचा अर्थ होता. या अर्थाचे महत्त्व १९५४ साली अधिक स्पष्ट झाले, कारण त्या वर्षी डाली, लँबर्टसन आणि श्वाइट्झर यांनी मांजराच्या मन्यापिंडातला रक्तप्रवाह मोजला. शंभर ग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे दोन हजार मिलिलिटर, असा त्यांचा आकडा होता. माणसाच्या मेंदूला त्याच मापाने सुमारे पन्नास मिलिलिटर मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दाण्याची चैन कळते. एवढे रक्त आतून जात असल्यामुळे पिंडाच्या गरजेपुरता प्राणवायू रक्तद्रवातूनही भागतो. म्हणूनच पंडुरोगाने वा शेगडीच्या धुराने तो बेचैन होत नाही. तोच प्रवाह आटला, की त्याची चैन संपते. रक्त तेच, त्यातला प्राणवायूही तोच. पण नदीचा ओहोळ झाला, आणि काठावरच्या झाडाला तहान लागली.

प्रवाह आटण्यास शरीर स्वतःच हातभार लावते, ही यातली विलक्षण गोष्ट होय. रक्त घटले की मेंदू आणि हृदय यांच्यासाठी उरलेले रक्त राखावे म्हणून कातडी, आतडी, स्नायू यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मन्यापिंडाच्या बारीक वाहिन्यांवरही तोच पाश पडतो, आणि पहारेकऱ्याची हाक अधिकच मोठी होते. दाब ओळखणारे शेजारचे तंतू या वेळी निराळ्या रीतीने बोलतात. दाब उतरत जातो तसतसे ते गप्प होतात, आणि त्यांचे मौन हाच मेंदूला इशारा ठरतो. पण दाब पाऱ्याच्या साठ मिलिमीटरांखाली उतरला, की त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही उरत नाही. मन्यापिंडाचा आवाज तर दाब ऐंशीच्या खाली गेल्यावरच विशेष चढू लागतो. एकाचे मौन पुरे पडेनासे होते तेथे दुसऱ्याची हाक कामी येते. हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीजवळही अशाच गाठी असतात. रक्तस्रावानंतर दाब टिकवण्यात त्यांचाही वाटा असतो, असे १९५१ सालीच केनी आणि नील यांनी दाखवले. पुढे कलकत्त्यात शिकून अमेरिकेत संशोधन केलेले सुखमय लाहिरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले, की महारोहिणीजवळच्या गाठी कार्बन मोनॉक्साइडने रक्तातला साठा घटला तरी जाग्या होतात. एकाच जातीच्या दोन पहारेकऱ्यांत असा स्वभावभेद आहे.

पेशीच्या आत या वेळी काय घडते, ते कळण्यास आणखी काही दशके जावी लागली. पिंडातील मुख्य पेशींचे घोस केशवाहिन्यांच्या जाळ्यात गुंफलेले असतात. प्रत्येक पेशीच्या पटलावर पोटॅशियमचे कण बाहेर जाऊ देणाऱ्या सूक्ष्म झडपा असतात. त्या उघड्या असतात तोवर पेशी शांत राहते. स्पेनमधील सेव्हिल येथे लोपेझ-बार्नेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सशाच्या पेशींवर दाखवले, की प्राणवायू कमी होताच या झडपांतून जाणारा प्रवाह घटतो. झडपा मिटल्या की पेशीच्या आतबाहेरचा विद्युत्-भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशीत साठवलेल्या पुटिका फुटून त्यांतली रसायने शेजारच्या मज्जातंतूवर सांडतात. पेशीची ऊर्जा निर्माण करणारी मायटोकाँड्रिया नावाची सूक्ष्म केंद्रे या साखळीत पुढाकार घेतात. इतर पेशींत प्राणवायू पुष्कळ घटल्यावर जी अडचण उभी राहते, ती येथे थोड्या तुटीतच जाणवते. पेशी जिवावर उठण्याआधीच अस्वस्थ होते, आणि ही अस्वस्थता हेच तिचे कार्य आहे.

हा झाला पहिला पहारेकरी. तो क्षणांत बोलतो, पण त्याला केवळ प्रवाह कळतो. रक्तस्राव थांबला, रोगी जगला, की दुसरी अवस्था सुरू होते. शरीर ऊतकांतले पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेते. एक-दोन दिवसांत रक्ताचे आकारमान बरेचसे भरून येते, पण ते भरते पाण्याने. आता कोठे दूध पातळ होते. प्रवाह सुधारतो, मन्यापिंड शांत होतो. परंतु प्रत्येक थेंबातला प्राणवायू घटलेला असतो. ही तूट त्याला उमगत नाही. ती ओळखण्यासाठी दुसरा पहारेकरी लागतो.

त्याचा शोधही रक्तस्रावाच्याच मार्गाने लागला. १९०६ साली पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि त्यांच्या सहकारी द्‌फ्लांद्र यांनी सशाचे रक्त काढले, नंतर त्या सशाच्या रक्तातील निवळ दुसऱ्या निरोगी सशाला टोचली. त्या दुसऱ्या सशात तांबड्या पेशी वाढल्या, असे त्यांनी जाहीर केले. रक्त गमावलेल्या प्राण्याच्या अंगात रक्त घडवण्याचा हुकूम देणारे काही द्रव्य उतरते, असा त्यांचा दावा होता. पुष्कळांना तो प्रयोग पुन्हा साधला नाही, आणि दावा जवळजवळ विस्मृतीत गेला. १९४८ साली फिनलंडमधील बॉन्सडॉर्फ आणि यालाविस्टो यांनी त्या द्रव्याला एरिथ्रोपोएटिन हे नाव दिले. १९५३ साली अ‍ॅलन एर्स्लेव्ह यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तद्रव मोठ्या प्रमाणात टोचून ते द्रव्य असल्याचा निर्विवाद पुरावा दिला. ते कोठून येते, याचा निकाल १९५७ साली शिकागोत लागला. जेकबसन, गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक इंद्रिय काढून पाहिले. प्राणवायूची टंचाई भासवणारे कोबाल्ट टोचले असता बाकीच्या उंदरांत ते द्रव्य वाढले. मूत्रपिंडे काढलेल्यांत वाढले नाही. ते शुद्ध रूपात हाती येण्यास १९७७ साल उजाडले. जपानचे मियाके यांनी जमवलेल्या, अस्थिमज्जा निकामी झालेल्या रोग्यांच्या अडीच हजारांहून अधिक लिटर मूत्रातून शिकागोच्या प्रयोगशाळेत ते काही मिलिग्रॅम एवढेच मिळाले.

हे काम मूत्रपिंडाकडे का असावे? मूत्रपिंडांना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो, आणि त्यांचा प्राणवायूचा खर्च मुख्यतः त्यांनी गाळलेल्या द्रवातले क्षार परत शोषण्यात होतो. प्रवाह कमी झाला की गाळणेही कमी होते आणि खर्चही उतरतो. त्यामुळे प्रवाहाच्या साध्या चढउतारांनी तेथला प्राणवायूचा ताळेबंद फारसा बिघडत नाही. रक्त पातळ झाले तर मात्र आवक घटते आणि खर्च तेवढाच राहतो. मन्यापिंडाला प्रवाह कळतो, साठा कळत नाही. मूत्रपिंडाला साठा कळतो, प्रवाह फारसा कळत नाही. दोघांची उणीव एकमेकांनी भरून काढली आहे. एरिथ्रोपोएटिन मूत्रनलिकांच्या मधल्या जागेतील पेशी तयार करतात, हे १९८८ साली निश्चित झाले. रक्त जितके पातळ, तितक्या अधिक पेशी या कामाला लागतात, हे त्याच्या पुढच्याच वर्षी दिसून आले.

या पेशी प्राणवायू कसा ओळखतात, त्याचे उत्तर बाल्टिमोरचे सेमेन्झा, ऑक्सफर्डचे रॅटक्लिफ आणि बॉस्टनचे केलिन यांच्या संशोधनातून मिळाले. पेशीत एक प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू भरपूर असला की एक किण्वक त्याच प्राणवायूचा वापर करून त्या प्रथिनावर खूण करते, आणि खूण झालेले प्रथिन काही मिनिटांतच मोडीत निघते. प्राणवायू घटला की खूण होत नाही. वाचलेले प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन एरिथ्रोपोएटिनची आज्ञा सोडते. खुणेचे हे रहस्य २००१ साली प्रकाशात आले, आणि २०१९ सालचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. विशेष म्हणजे ही यंत्रणा केवळ मूत्रपिंडात नसून शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. मूत्रपिंडाने तिचा उपयोग सगळ्या देहासाठी केला, एवढेच.

हा दुसरा पहारेकरी सावकाश चालणारा आहे. त्याची आज्ञा काही तासांत सुटते, अस्थिमज्जेतून नव्या पेशी तीन-चार दिवसांत दिसू लागतात, आणि मोठी तूट भरण्यास कित्येक आठवडे लागतात. आज्ञा मिळाली तरी माल हवा. अर्धा लिटर रक्ताबरोबर सुमारे अडीचशे मिलिग्रॅम लोह निघून जाते. ज्या स्त्रीच्या अंगी बाळंतपणापूर्वीच लोहाची वाण आहे, तिच्या अस्थिमज्जेने ही तूट कशातून भरावी? आणि आघात लांबला, तर खुद्द मूत्रपिंडाच्या पेशी प्रवाहावाचून मरू लागतात. मानेतल्या पहारेकऱ्याचीही मर्यादा हीच आहे. तो ओरडत असतो, पण मेंदूच्या बुंध्यातील श्वासाचे केंद्रच उपाशी पडले, तर त्याची हाक ऐकणारा कोणी उरत नाही. भरभर चाललेला श्वास मंदावतो आणि आचके सुरू होतात. तेव्हा आलेली शांतता सुधारणेची नसते.

या सगळ्या इतिहासातून निघणारा व्यवहारी अर्थ सरळ आहे. धडधाकट तरुणाच्या अंगातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्त जाईपर्यंत रक्तदाब जवळजवळ पूर्ववत् दिसू शकतो, आणि पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिनचा आकडाही धीर देणाराच येतो. दोन्ही आकडे त्या घटकेला फसवे असतात. खरी बातमी त्याआधीच वाढलेल्या श्वासात, धावत्या नाडीत आणि गार पडलेल्या हातापायांत उमटलेली असते. ती वाचणाराने आकड्यांची वाट पाहत बसू नये. जखम दाबून धरावी आणि रोग्याला विनाविलंब इस्पितळात न्यावे. जगभरात बाळंतपणी होणाऱ्या मृत्यूंच्या प्रत्यक्ष कारणांत रक्तस्राव आजही अग्रभागी आहे. प्रसूतीच्या खोलीत अंधाऱ्या रात्री एखादी बाई भरभर श्वास घेऊ लागली, तर ते थकव्याचे लक्षण म्हणून सोडून देण्यापूर्वी तिची नाडी पाहावी, पांघरुणाखाली किती रक्त गेले ते पाहावे. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या पिंडाने आपली वर्दी वेळेवर दिलेली असते.